शोधणाऱ्याचा रकाना

काका, परवा शनिवारी दुपारी दोन वाजता सर्व्हर नेहमीसारखा आपोआप बंद झाला आणि तीन मिनिटांत परत उभा राहिला. मी समोर स्टूल टाकून बसले होते. कीबोर्ड जोडलेला नव्हता, पडदा जोडलेला नव्हता. खोलीत फक्त पंख्याची घरघर. आदल्या दिवशी तुमच्या तेरवीचं जेवण जेवून आले होते आणि गावी जायचं सोडून इथेच थांबले होते. तुम्ही असते तर दारातूनच विचारलं असतं, "उठलं काय मॅडम, थे?"

उठलं, काका.

तुमच्याशी एवढं बोलायला मला तुम्ही गेल्यावरच सुचावं, याचा राग येतो मला. समोर होते तेव्हा आपण भांडायचो जास्त. आणि एक भांडण तर तसंच राहून गेलं. त्यात बरोबर तुम्ही होते. हे मी तेव्हाही जाणून होते.

मी गोंदियाला कॉलेजात रुजू झाले त्या पहिल्या सकाळी तुम्ही फाटकापाशी उभे होते. शिपायाचा खाकी सदरा, डोक्याला रुमाल. नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी केशोरी म्हणाले तर चेहरा उजळला, तुमचं गाव त्याच बाजूचं. दुसऱ्या दिवसापासून रोज "जयभीम, मॅडम". पहिला आठवडा मला वाटलं, हा माणूस मला चिडवून राहिला. तुम्ही तळी बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरचे, देवाला हात जोडून दिवसाची पहिली किल्ली फिरवणारे. आठव्या दिवशी मी तोंडावरच विचारलं. तुम्ही म्हणाले, "तुमच्या घरी सकारी काय म्हणतात? थेच म्हटलं मी. गुस्सा कायले येते?" त्या दिवशी मी तुम्हाला नमस्कार म्हटला. शेवटपर्यंत असंच चाललं, तुमचा जयभीम आणि माझा नमस्कार.

आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माय बिड्या वळायची, बाप दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचा. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं आणि ते मी कोणालाही विसरू दिलं नाही, तुम्हालासुद्धा नाही. नोकरी अकरा महिन्यांची, दर वर्षी नवीन कागद. पण दारावर पाटी होती, "सिस्टिम विभाग", आणि त्या विभागात मी एकटी होते.

सर्व्हर म्हणजे काय मोठं यंत्र नव्हतं. रसायनशास्त्राच्या जुन्या भांडारखोलीत, जिथे अजून आम्लाचा वास येतो, टेबलावर ठेवलेली एक जुनी उभी पेटी. तिच्यावर मी मशीन चालवणारं लिनक्स चढवलं होतं. प्रवेश, परीक्षेचे अर्ज, पोरांचे दाखले, सगळं तिच्यात. दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर दोन वाजता ती आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावी, असं मी लावून ठेवलं होतं. नवीन दुरुस्त्या बसतात, मशीन ताजं होतं. दीड वाजता तुम्ही खोल्यांना कुलपं लावायचे आणि आपण दोघं स्टेशनला.

मग त्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. सोमवारी सकाळी येऊन पाहावं तर पेटीचा दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण मशीन कोणाला ओळख देत नाही. मी धावत खोलीत यायची. पडदा आणून जोडायची तर काळाच. ते मशीन जुनं, चालू झाल्यावर मागाहून पडदा जोडला की काही दाखवायचं नाही. बटण दाबून बंद करायची, पुन्हा चालू करायची, आणि काय? शहाण्यासारखं उठायचं. एका सोमवारी असं, पुढचे दोन सोमवार काहीच नाही, मग पुन्हा. मधल्या वारांना मी मुद्दाम दहा-दहा वेळा बंद-चालू करून पाहिलं. दहाच्या दहा वेळा बरोबर. मी समोर बसले की त्याला काही होत नव्हतं.

मी काय नाही केलं, काका. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. डिस्क तपासली. वीज पुरवणारा डबा रामनगरच्या दुकानातून नवीन आणून बसवला. मशीन स्वतःची रोजनिशी लिहीत असतं, त्याला लॉग म्हणतात, ती वाचली. शनिवारी दोनला लिहिलेलं असायचं, बंद होतो आहे. त्यानंतरची पहिली ओळ सोमवारची, मी बटण दाबल्यानंतरची. मधले दोन दिवस कोरे. म्हणजे मशीन शनिवारी नीट झोपलं आणि डोळे उघडायच्या आधीच कुठेतरी अडकलं. तुम्हाला मी हे समजावून सांगितलं, लॉग म्हणजे मशीनचं रजिस्टर. तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जे झालं थे लिहते. जे नाही झालं थे कोन लिहल?"

प्रवेश सुरू झाले आणि एका सोमवारी सकाळी खिडकीसमोर रांग असताना मशीन मेलेलं सापडलं. देवरी, सालेकसा, कुठकुठून पोरी पहाटे निघून आलेल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्यातल्या निम्म्या आपापल्या घरातून कॉलेजात येणाऱ्या पहिल्याच असतील. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही पाण्याचा ग्लास घेऊन आत होते, म्हणून तुम्हाला शब्द न् शब्द माहीत आहे. "देखो मॅडम, एक और सोमवार ऐसा हुआ, तो काम नागपूरवाल्यांना देऊन टाकू. मग तुमच्या नवीन ऑर्डरचंही बघावं लागेल." मी बाहेर आले. तुम्ही मागून आले आणि तो ग्लास मला दिला.

त्याच दिवशी आपण ते रजिस्टर केलं. लाल पुठ्ठ्याचं, दाराच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेलं. पुढच्या बाजूनं माझं, रकाने आखून: तारीख, दोष, कारण, उपाय, शोधणारा. मागच्या बाजूनं तुमचं. मी म्हणाले होते, काका, या खोलीत दिवसभरात जे वेगळं घडेल ते लिहा. लाइट गेली, उंदीर आला, पाणी गळलं, कोणी आलं. सातवीपर्यंतचं तुमचं अक्षर, पण काय सरळ. "दुपारी लाइट गेली, दहा मिनिटांनी आली." "पाली दोन. एक मोठी." "मॅडम आज जेवल्या नाही." हे कशाला लिहिलं म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, वेगळं घडलं ना?

मी चुकीची तारीख टाकली आणि वर गिरवायला लागले, तेव्हा तुम्ही हात धरला होता. रजिस्टरात गिरवायचं नाही. खोडायचं तर एकच रेघ मारायची. खालचं जुनं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही. नोकरीतल्या पहिल्या हेडक्लार्कनं तुम्हाला शिकवलेलं. मला बी.एस्सी.त हे कोणी शिकवलं नव्हतं.

आपल्या गाडीतल्या गप्पा आठवतात? शनिवारची दुपारची बल्लारशाची गाडी, अर्जुनीपर्यंत सोबत, पुढे मी एसटीनं केशोरी आणि तुम्ही सायकलनं गावाला. तुमच्या पणज्यानं बांधलेली बोडी, ते छोटं तळं, अजून गावाला पाणी देते, हे तुम्ही दर फेरीला सांगायचे आणि मी दर फेरीला म्हणायची, बांधली तुमच्या पणज्यानं असेल, माती कोणाच्या पणज्यानं वाहिली? तुम्ही हसायचे. "तुमच्याच. म्हनून तं फुटली नाही." बोडीची पाळ झिरपायला लागली की तुमचा बाप ओल दिसते त्या बाजूला उकरायचा नाही. रोज सकाळी आतल्या काठानं चालायचा आणि आदल्या दिवशी आपण काय केलं होतं ते आठवायचा. बैल कुठून उतरवले, मासे कोणी धरले, बेशरमाच्या झुडपाची काडी कोणी उपटली. "खराबी माणसाच्या पायानं येते, मॅडम," तुम्ही म्हणाले होते. मी मनात म्हटलं, काका, ही पाळ नाही, हे लिनक्स आहे.

आणि तेव्हा तुमच्या मांडीवर एक कापडी पिशवी असायची. मी माझा डबा तिच्यावर ठेवून जेवले आहे. तुमची बोटं पिशवीवर सारखी हलत असायची, मला वाटायचं वातानं हलतात. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, "काही नाही, घरचं."

मग तो सोमवार आला. मी रिक्षातून उतरले आणि धावतच खोलीकडे आले. तुम्ही दाराशी उभे. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, मशीन मेलेलं. तुम्ही पिशवी पुढे केली. आत सर्व्हरचा कीबोर्ड होता, काकूच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"आज लावला नाही," तुम्ही म्हणाले. "तुम्ही येपर्यंत थांबलो. दर सोमवारी तुमच्या आधी येऊन लावून ठेवत होतो."

मला कळेच ना. तुम्हीच सांगितलं, उभ्या उभ्या, खाली बघत. शनिवारी कुलूप लावताना कीबोर्ड काढून घरी न्यायचे, शिकायला. तसाच, मशीन नसलेला, नुसता फळीवर ठेवून बोटं फिरवायला. ज्या शनिवारी साळ्याच्या घरी लग्नाला गेले, तेव्हा नेला नाही, तो सोमवार चांगला गेला. ज्या शनिवारी ताप होता, तेव्हाही नाही. रविवारी बोडीच्या काठावर बसून तुम्ही सगळे शनिवार आठवले. तुम्हीच आठवू शकत होते, कारण रजिस्टरात तेवढी एकच गोष्ट तुम्ही लिहिली नव्हती.

मी ओरडले तुमच्यावर. "इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं लाइट, उंदीर, पानी. कीबोर्डचं कोनी इचारलं? आन थो कोनी दाबतच नाही. न दाबनाऱ्या मशीनले कीबोर्ड कायले पायजे?"

मी पडदा आणला, आधीच जोडला, आणि कीबोर्ड न लावता मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि थांबली. मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन दाबा.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "हात नाही म्हनते, आन टाळी वाजव म्हनते?"

आपण दोघं इतके हसलो, काका, की बाजूच्या वर्गातून सर डोकावले. तीन महिने मी झोपले नव्हते. मी हसता हसता रडले, आणि तुम्ही ते लुगड्याचं फडकं पुढे केलं.

दोष लिनक्सचा नव्हताच. लिनक्स जागं होण्याच्याही आधी ही पेटी आपले हातपाय मोजते, आणि कीबोर्ड दिसला नाही की तिथेच अडून बसते. कीबोर्ड नसला तरी पुढे जा, अशी सेटिंग आतच असते. पाच मिनिटांचं काम. नंतर मी जुना लॉग पुन्हा काढला तर काय, त्या प्रत्येक शनिवारी दोनच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एक ओळ होती, कीबोर्ड काढला गेला. मशीननं लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं, कारण मला मोठा दोष पाहिजे होता, माझ्या पदवीला शोभेल असा.

मग मी रजिस्टर उघडलं. तारीख. दोष. कारण: कीबोर्ड नसल्यास मशीन थांबते. उपाय: सेटिंग बदलली. आणि शोधणारा या रकान्यात माझी सही केली.

तुम्ही टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होते. "मॅडम, हे बरोबर नाही."

"काका, तुमचं नाव लिहिलं तर कीबोर्ड घरी नेला हे पण लिहावं लागते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. ठपका येईल."

"येऊ द्या. दोन्ही लिहा. खराबी मीच केली, पन सापडली तं मलेच ना?"

"राहू द्या हो काका. तुमच्याच भल्याचं आहे."

तुम्ही राहू दिलं. प्राचार्यांना मी सांगितलं, दोष सापडला. त्यांनी "शाब्बास" म्हटलं. माझी नवीन ऑर्डर निघाली, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्यानंतर कायमची. पेढे मी पहिले तुम्हालाच दिले. तुम्ही खाल्ले आणि म्हणाले, "थे रजिस्टर दुरुस्त केलं काय?"

दर दसऱ्याला हेच. मशीनला हळद-कुंकू लावायचे, झेंडूचा हार पंख्याच्या जाळीवरून बाजूला सरकवायचे, कारण मी एकदा सांगितलं होतं की हवा अडते, आणि वळून तोच प्रश्न. मी म्हणायची, करते. निवृत्त झाल्यावर फोनवरही तेच. मी म्हणायची, काका, तुम्हाला दुसरं काही नाही काय?

आज खरं सांगते. तुमच्या ठपक्याची काळजी होती, ते खोटं नाही. पण तेवढंच असतं, तर तुम्ही निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते लिहिलं असतं. मला ते नको होतं. सिस्टिम विभागाच्या रजिस्टरात, शोधणारा: शिपाई. केशोरीच्या पोरीला एवढं शिकून तीन महिन्यांत जे सापडलं नाही, ते सातवी शिकलेल्या माणसाला बोडीवर बसून सापडलं, हे कोणी वाचेल, याची मला लाज वाटत होती. ज्या माणसानं स्वतःची चूक पिशवीत घालून माझ्या दाराशी आणून ठेवली, म्हणून माझी नोकरी राहिली, त्याचंच नाव मी झाकून ठेवलं. तुम्हाला हे कळलं होतं, मला वाटते. तरी तुम्ही मला कधी उघडं पाडलं नाही. फक्त विचारत राहिले.

आणि कीबोर्ड नेला तरी कशाला, हे मी त्या सोमवारी विचारलं होतं ना? तुम्ही म्हणाले, "तुम्हीच तं म्हटलं." मला आठवतच नव्हतं. एकदा मी न बघता टाइप करत होते, तुम्ही चहा ठेवून बघत राहिले, आणि मी म्हणाले होते, घरी रोज बसून केलं तर कोणालाही येते. मी सहज बोलून गेले. तुम्ही ते खरं धरलं. जन्मभर दुसऱ्यांचे टाइप केलेले कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, एक कागद तरी आपल्या बोटांचा असावा, म्हणून.

त्यानंतरच्या जेवणाच्या सुट्ट्या मला पुरून उरतील, काका. माझ्या खुर्चीवर तुम्ही, पाय दुमडून. "थो ळ कुठं लपवला?" "काका, शिफ्ट दाबा." "दाबून राहिलो ना!" दोन सुट्ट्या लागल्या तुमच्या रजेच्या अर्जाला. बोडीच्या पाळीच्या कामाकरिता एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी. तुम्हीच छापला, तुम्हीच सही केली, तुम्हीच नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला, आणि मंजूर होऊन आला तेव्हा तो कागद घेऊन गोंदियाच्या अर्ध्या ऑफिसांत फिरले असते, मी अडवलं म्हणून नाही. त्या एका दिवसाच्या रजेएवढा अभिमान मला माझ्या पदवीच्या दिवशीही झाला नव्हता, असं आता वाटते.

तेरवीला काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. निवृत्तीच्या वेळी मी दिलेला भंगारातला कीबोर्ड फळीवर होता, वर तेच फडकं. काकू म्हणाल्या, "रोज बसत होते. टकटक टकटक. मले वाटे, कोनाले चिठ्ठी लिहून राहिले का जी?" मी म्हणाले, तो कशालाच जोडलेला नाही, काकू. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मले. त्याईले बी माहीत होतं."

म्हणून परवा मी शनिवारची गाडी सोडली. दोन वाजता मशीन बंद झालं, तीन मिनिटांत उठलं. मग मी खिळ्यावरचं रजिस्टर काढलं. सुतळी अजून तुम्हीच बांधलेली. ते पान काढलं. कारणाच्या रकान्यात पुढे लिहिलं: कीबोर्ड शिपाई शनिवारी शिकण्यासाठी घरी नेत होते. शोधणाऱ्याच्या रकान्यात माझ्या सहीवर रेघ मारली. शेजारी लिहिलं: सोमा कापगते, शिपाई. बाजूला माझी सही, त्या दिवशीची तारीख. आज सोमवारी ते पान मी प्राचार्यांपुढे ठेवलं. नवीन साहेब आहेत, तुम्हाला ओळखत नाहीत. म्हणाले, "इतने साल बाद इसका क्या करना है, मॅडम?" मी म्हणाले, तुम्ही फक्त खाली सही करा. त्यांनी केली.

दुरुस्त केलं, काका. एकच रेघ मारली आहे. खालची माझी सही नीट वाचता येते.